अंतिम वर्षापूर्वीचा उन्हाळा आणि चाकणची दहा बाय दहाची खोली

परीक्षा आटोपल्या की महाविद्यालयांची आवारे ओस पडतात. वास्तुशास्त्राच्या चौथ्या वर्षाचा विद्यार्थी मात्र या सुट्टीत पूर्णपणे निश्चिंत नसतो. सुट्टी संपताच त्याचे पाचवे आणि शेवटचे वर्ष सुरू व्हावयाचे असते. त्या वर्षी प्रबंध-प्रकल्पाचा विषय त्याने स्वतः निवडावयाचा, जागा स्वतः शोधावयाची, तेथील माणसांच्या गरजा समजून घ्यावयाच्या आणि त्या गरजांना उत्तर देणारी वास्तू कागदावर उभी करावयाची असते. चार वर्षे शिक्षकांनी प्रश्न दिले, विद्यार्थ्याने उत्तरे काढली. आता प्रश्नही त्यालाच शोधावा लागतो. हा शोध ज्या दोन महिन्यांत घ्यावयाचा, तो हा उन्हाळा होय.

अनेकदा या शोधाची परिणती भव्य विषयांत होते. कोणी विमानतळ योजतो, कोणी वस्तुसंग्रहालय, कोणी समुद्रकाठचे विश्रामधाम. अशा विषयांतूनही कौशल्य वाढते, यात शंका नाही. परंतु परीक्षा संपली की ते आराखडे गुंडाळून कपाटात जातात, कारण त्यांची वाट पाहणारे कोणी नसते. पिंपरी-चिंचवड परिसरात निगडी व आकुर्डी येथे वास्तुशास्त्राची महाविद्यालये आहेत. तेथून तासाभराच्या वाटेवर चाकणचा औद्योगिक पट्टा आहे आणि त्या पट्ट्यातील गावोगावी कामगारांना भाड्याने दिलेल्या खोल्यांच्या रांगा आहेत. आराखड्याची खरी गरज आहे ती येथे. ही गरज आणि तो उन्हाळा यांची गाठ कशी घालून देता येईल, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पाच वर्षांचे शिक्षण

आपल्या देशात वास्तुविशारदांच्या व्यवसायाचे नियमन वास्तुविशारद अधिनियम, १९७२ अन्वये होते. या अधिनियमाखाली स्थापन झालेली वास्तुकला परिषद शिक्षणाचे किमान निकष ठरविते आणि पात्र व्यक्तींची नोंदणी करते. अशी नोंदणी असल्याखेरीज कोणासही स्वतःस वास्तुविशारद म्हणवून घेता येत नाही. पदवीचा अभ्यासक्रम पाच वर्षांचा, म्हणजे दहा सत्रांचा असतो. त्यांपैकी एक सत्र प्रत्यक्ष व्यवसायातील प्रशिक्षणासाठी राखलेले असते. ते कोणत्या वर्षी घ्यावयाचे, हे विद्यापीठाच्या अभ्यासक्रमावरून ठरते.

रेखन, बांधकामशास्त्र, संरचना, इमारतींतील पाणी व वीज, हवामानशास्त्र, वास्तुकलेचा इतिहास आणि नगररचना असे अनेक विषय चौथ्या वर्षाअखेर विद्यार्थ्याने अभ्यासलेले असतात. घर मोजून त्याचा बिनचूक नकाशा काढण्याचे शिक्षण तर त्याला पहिल्या-दुसऱ्या वर्षीच मिळते. जुने वाडे व मंदिरे यांची मोजमापे घेणे हा या शिक्षणातील मानाचा भाग समजला जातो. अशा रीतीने मोजता येणारा, रेखाटता येणारा आणि नियम ठाऊक असलेला हा तरुण वर्ग मे-जूनमध्ये काही आठवडे मोकळा असतो. त्यांतील काही जण वास्तुविशारदांच्या कार्यालयांत उमेदवारी करतात, काही संगणकावरील रेखनाचे नवे तंत्र शिकतात, काही चंडीगड किंवा अहमदाबाद येथील नामांकित इमारती पाहून येतात. हे सर्व उपयुक्तच आहे. तथापि घराजवळचा अभ्यासही तितकाच मोलाचा ठरू शकतो.

एका दिवसाच्या वाटेवरची वसाहत-कथा

माणसाने निवारा कसकसा उभारला, हे शिकण्यासाठी पिंपरी-चिंचवडसारखी जागा विरळा. पवनेच्या काठी मोरया गोसावींच्या समाधीमंदिराभोवतीचे चिंचवड हे जुने गावठाण. अरुंद बोळ, वाडे आणि नदीकडे उतरणारा घाट. पिंपरीस फाळणीनंतर सिंधी निर्वासितांची छावणी वसली आणि पुढे त्याच ठिकाणी गजबजलेली बाजारपेठ उभी राहिली. १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सचा कारखाना स्थापन झाला आणि त्याबरोबर झाडांच्या सावलीतील कामगार वसाहत आली. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, त्याच दशकात टेल्को, बजाज यांसारखे मोठे कारखाने आले. १९७० मध्ये पिंपरी, चिंचवड, भोसरी व आकुर्डी ही गावे मिळून नगरपालिका अस्तित्वात आली व १९८२ मध्ये तिची महानगरपालिका झाली.

कामगारांना घरे मिळावीत या हेतूने १९७२ मध्ये पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरणाची स्थापना झाली. निगडी परिसरातील आखीव रस्त्यांच्या पेठा ही त्याची खूण होय. हे प्राधिकरण २०२१ मध्ये पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणात विलीन झाले असले, तरी लोकांच्या बोलण्यात 'प्राधिकरण' हे नाव त्या वस्तीस अजून चिकटून आहे.

तेथून नाशिकच्या रस्त्यास लागले की चाकण येते. १६६० मध्ये फिरंगोजी नरसाळा यांनी शायिस्ताखानाच्या प्रचंड फौजेविरुद्ध सुमारे पावणेदोन महिने लढविलेला संग्रामदुर्ग येथलाच. कांदा-बटाट्याच्या बाजारासाठी हे गाव पिढ्यान् पिढ्या ओळखले जाई. गेल्या काही दशकांत येथे वाहन उद्योग एकवटला आणि म्हाळुंगे, निघोजे, कुरुळी, खराबवाडी, नाणेकरवाडी अशी भोवतीची शेतीची गावे पाहता पाहता औद्योगिक गावे झाली.

कारखान्यांसाठी भूखंड आखले गेले, रस्ते झाले, वीज आली. कामगाराने राहावयाचे कोठे, या प्रश्नाचे उत्तर मात्र बव्हंशी गावांनीच दिले. जमीन संपादनात गेल्यावर उरलेल्या तुकड्यावर शेतकऱ्याने खोल्यांची रांग बांधली. मराठवाडा, विदर्भ, उत्तर प्रदेश, बिहार येथून आलेला तरुण त्या खोलीत दोघा-तिघांसह राहू लागला. खोलीचे भाडे हे शेतकरी कुटुंबाचे नवे पीक ठरले. २०२० च्या टाळेबंदीत स्थलांतरित कामगारांचे हाल साऱ्या देशाने पाहिले आणि त्याच वर्षी केंद्र शासनाने परवडणाऱ्या भाड्याच्या गृहसंकुलांची योजना जाहीर केली. भाड्याची खोली हा सार्वजनिक प्रश्न आहे, हे यावरून स्पष्ट व्हावे.

दुपारी दोन वाजताची खोली

अशा रांगेतील नमुन्याची खोली आपण डोळ्यांसमोर आणू. लोक तिला 'दहा बाय दहा' म्हणतात. वर पत्रा, एक दार, एखादी लहान खिडकी. मागच्या भिंतीस पाठ लावून दुसरी रांग. दहा फूट लांब व दहा फूट रुंद म्हणजे १०० चौरस फूट, अर्थात सुमारे ९.३ चौरस मीटर. राष्ट्रीय इमारत संहितेत, घरात राहण्याची एकच खोली असेल तर तिचे क्षेत्रफळ किमान ९.५ चौरस मीटर असावे, असे सांगितले आहे. म्हणजे क्षेत्रफळात ही खोली थोडक्यात उणी आहे. खरी उणीव हवेची आहे. दार सोडून खिडक्या व झरोक्यांचे क्षेत्र हवामानानुसार खोलीच्या दहाव्या ते सहाव्या हिश्शाइतके असावे, असा संहितेचा दंडक आहे. शंभर चौरस फुटांच्या खोलीस तो दहा ते सतरा चौरस फूट होतो. दोन फूट लांब-रुंद खिडकी केवळ चार चौरस फुटांची असते. मागील भिंत दुसऱ्या रांगेशी जोडलेली असल्याने आलेली हवा आरपार जाऊ शकत नाही, हे वेगळेच.

आता या खोलीचा उपयोग कसा होतो तो पाहू. वास्तुशास्त्राच्या पुस्तकांत शयनगृह हे रात्रीच्या निद्रेसाठी योजलेले असते. चाकणमधील कामगाराची पाळी मात्र आठवड्या-पंधरवड्याने बदलते. रात्रपाळीचा कामगार सकाळी खोलीवर परततो, आंघोळ-जेवण उरकतो आणि झोपतो. त्याची झोप भर दुपारी व्हावयाची असते आणि नेमका त्याच वेळी डोक्यावरील पत्रा सर्वाधिक तापलेला असतो. झोप अपुरी झाली की तोच माणूस रात्री यंत्रापुढे उभा राहतो. यंत्रावरील हाताची सुरक्षितता अशा प्रकारे खोलीच्या छपराशी जोडलेली आहे.

ही गोष्ट डिसेंबरात केलेल्या पाहणीत दिसणार नाही. चाकणच्या अक्षांशावर मे महिन्याच्या मध्याच्या सुमारास मध्यान्हीचा सूर्य अगदी डोक्यावर येतो. तेथून जुलैअखेरपर्यंत तो मध्यान्ही किंचित उत्तरेकडे असतो. सूर्य इतका उंच असताना सर्वांत जास्त ऊन छप्पर झेलते. त्याखालोखाल पूर्वेची भिंत सकाळी व पश्चिमेची भिंत तिसऱ्या प्रहरी तापते. म्हणून खोलीची कसोटी पाहावयाची तर ती मे महिन्यातच पाहावयास हवी. नंतर जूनच्या पावसात तीच खोली पुन्हा पाहिली, की पत्रा कोठे गळतो, पाणी कोठे तुंबते आणि भिंतीस ओल कोठून चढते, हेही कळते. विद्यार्थ्याची सुट्टी आणि खोलीची परीक्षा एकाच वेळी येतात, हा योग वाया जाऊ देऊ नये.

टेप, कागद आणि तापमापक

या अभ्यासास मोठा खर्च लागत नाही. तिघांचा एक गट, तीस मीटरचा टेप, जाड कागदाची वही, साधे तापमापक आणि महाविद्यालयाचे ओळखपत्र एवढे साहित्य पुरेसे आहे. प्रथम रांगेची बाहेरून मोजणी करावी, मग अनुमती मिळालेल्या खोल्या आतून मोजाव्यात. बाजूंबरोबर कर्णही मोजावेत. दहा फुटांची खोली काटकोनात असेल तर तिचा कर्ण सुमारे चौदा फूट दोन इंच भरतो. दोन कर्णांत फरक पडला तर खोली तिरकी आहे असे समजावे. नकाशात केवळ भिंती दाखवून भागत नाही. खाट, ट्रंक, शेगडी, गॅसची टाकी, पाण्याचे पिंप व कपडे वाळविण्याची दोरी यांच्या जागाही दाखवाव्यात. शेगडी एकुलत्या एका दाराशेजारी असेल, तर आग लागताच बाहेर पडण्याची वाटच अडते, ही गोष्ट अशा नकाशातून क्षणात ध्यानी येते.

तापमान सकाळी सहा, दुपारी दोन व रात्री दहा वाजता, खोलीत आणि बाहेरच्या सावलीत अशा दोन्ही ठिकाणी नोंदवावे. आठ-दहा दिवसांच्या नोंदींवरून पत्र्याची खोली व स्लॅबची खोली यांतील फरक, तसेच पूर्वाभिमुख व पश्चिमाभिमुख रांगांतील फरक आकड्यांत मांडता येतो. पाणी किती वेळ येते, ते कोण भरतो, रात्रपाळीचा कामगार झोपलेला असताना नळ आला तर काय होते, हेही विचारावे. भाडेकरूंची नावे मात्र लिहू नयेत. खोलीस क्रमांक द्यावा, तेवढे पुरे.

मोजमापावरून उपाय सुचू लागतात. दहा खोल्यांच्या रांगेचे छप्पर सुमारे ९३ चौरस मीटर भरते. वर्षाचा पाऊस ७०० मिलिमीटर धरला आणि त्यातील पाचवा हिस्सा वाया गेला असे मानले, तरी या छपरावरून सुमारे ५२ हजार लिटर पाणी मिळू शकते. जलजीवन मिशनच्या दरडोई ५५ लिटरच्या प्रमाणाने वीस माणसांची ती सुमारे दीड महिन्याची गरज होय. पत्र्यावर पांढरा चुन्याचा हात, पत्र्याखाली हवेची पोकळी सोडून बांबूच्या चटयांचे आढे, भिंतीच्या माथ्याशी समोरासमोर झरोके, पश्चिमेस पडवी किंवा वेलीचा मांडव हे उपाय फार खर्चाचे नाहीत. कोणता उपाय किती उपयोगी पडतो, हे एका खोलीत तो करून व शेजारच्या खोलीत न करता तापमापकाने पडताळून पाहता येते.

मोजणीची भीती

गावात टेप घेऊन कोणी आले की घरमालकाच्या मनात पहिली शंका येते ती पाडापाडीची, दुसरी करवाढीची. ती अगदीच निराधार म्हणता येणार नाही. पुष्कळशा रांगा गावठाणाबाहेर शेतजमिनीवर उभ्या आहेत आणि सर्वांच्या परवानग्या पूर्ण असतीलच असे नाही. भाडेकरूसही धास्ती असते की, खोलीबद्दल तक्रार केली असे दिसले तर खोली जाईल. ही भीती दूर झाल्याशिवाय खरी माहिती मिळणार नाही.

यास्तव ही पाहणी शैक्षणिक आहे, तिचा उपयोग कारवाईसाठी केला जाणार नाही, असे आधीच स्पष्ट करणे आवश्यक आहे. आणि दिलेला शब्द पाळणे त्याहून आवश्यक आहे. घरमालकास दोषी ठरविण्याच्या हेतूने विद्यार्थ्याने गावात पाऊल ठेवू नये. जमीन गेल्यानंतर त्या कुटुंबाने स्वतःच्या हिमतीवर हजारो माणसांच्या निवाऱ्याचा भार उचललेला आहे. त्यास हवी आहे ती भाड्याचे उत्पन्न न घटविता खोली सुधारण्याची वाट.

शासनाच्या स्वामित्व योजनेतून गावठाणांचे ड्रोनद्वारे मोजमाप होऊन मिळकतपत्रिका देण्याचे काम हाती घेण्यात आले आहे. हे काम फार मोलाचे आहे. परंतु ड्रोनला छप्पर दिसते, छपराखालची खोली दिसत नाही. गावठाणाबाहेरची रांग तर त्या नकाशाच्या कक्षेतच येत नाही. ही उणीव भरून काढण्यास माणसाने दार ठोठावून आत जावे लागते.

मोजल्यानंतर मांडणे

प्रथम पाहणे व नंतर आखणे, ही रीत थोरामोठ्यांनी घालून दिलेली आहे. पुण्यात १९२७ मध्ये जन्मलेले आणि मुंबईच्या सर ज. जी. संस्थेत शिकलेले बाळकृष्ण दोशी यांनी इंदूर येथे अरण्य ही अल्प उत्पन्न गटांसाठीची वसाहत योजिली. तत्पूर्वी त्यांच्या संस्थेने इंदूरमधील झोपडवस्त्यांचा बारकाईने अभ्यास केला होता. ओटा, पायरी, झाडाचा पार, दाराशी थाटलेले लहानसे दुकान यांचे मोल त्यांनी तेथूनच जाणले. अरण्यात गरीब कुटुंबास जोते, न्हाणी-संडास व पाण्याची सोय असलेला लहान भूखंड मिळाला आणि ऐपतीप्रमाणे त्यावर घर वाढविण्याची मुभा मिळाली. २०१८ मध्ये प्रित्झ्कर पारितोषिक मिळविणारे दोशी हे पहिले भारतीय वास्तुविशारद होत. चार्ल्स कोरिया यांनीही नवी मुंबईत बेलापूर येथे सात-सात घरे एका लहान चौकाभोवती मांडून, थोड्या जागेतही मोकळे आकाश कसे देता येते, हे दाखवून दिले.

चाकणच्या खोलीचे उत्तर इंदूर वा बेलापूरची नक्कल करून मिळणार नाही. येथे घर मालकीचे नसून भाड्याचे आहे, कुटुंबाऐवजी बहुधा एकटे तरुण राहतात आणि त्यांच्या झोपेच्या वेळा वेगवेगळ्या आहेत. तीन पाळ्यांची माणसे एका रांगेत राहात असतील, तर दिवसा झोपणाऱ्यांसाठी शांत व थंड खोल्या कोणत्या बाजूस असाव्यात, हा प्रश्न जगातील कोणत्याही मोठ्या वास्तूइतकाच बुद्धीला आव्हान देणारा आहे. प्रबंधासाठी याहून योग्य विषय शोधूनही सापडणार नाही.

कोणी काय करावे

हे काम घडून यावयाचे तर तिघांनी एकत्र यावयास हवे. ग्रामपंचायत सदस्यांनी महाराष्ट्र दिनाच्या सुमारास भरणाऱ्या ग्रामसभेत हा विषय मांडावा, तयार असलेल्या दोन-तीन घरमालकांची संमती घ्यावी आणि विद्यार्थ्यांस बसावयास पंचायतीच्या कार्यालयात एक टेबल द्यावे. पाहणीचे नकाशे मराठीतून लिहिलेले असावेत व ते ग्रामसभेपुढे ठेवले जावेत, अशी अटही घालावी.

महाविद्यालयांतील शिक्षकांनी अशा विषयास भव्य विषयाहून कमी लेखू नये. एका वर्षाच्या विद्यार्थ्यांनी मोजलेली रांग पुढील वर्षाच्या विद्यार्थ्यांच्या हाती दिली, तर पाच वर्षांत अवघ्या गावाचा नकाशा तयार होईल. शाळांतील शिक्षकांसही यात वाटा घेता येईल. सातवी-आठवीची मुले तापमानाची नोंद उत्तम ठेवतात आणि त्यांस भूगोलाचा जिवंत पाठ मिळतो.

अधिकारीवर्गाने हे आराखडे मंजुरीचे कागद नव्हेत, हे ध्यानी ठेवावे. विद्यार्थी हा नोंदणीकृत वास्तुविशारद नव्हे. प्रत्यक्ष बांधकामासाठी पात्र व्यक्तीची सही आणि सक्षम प्राधिकाऱ्याची परवानगी लागणारच. परंतु नवी रांग बांधू इच्छिणाऱ्या शेतकऱ्यासमोर नियमांत बसणारे, परवडणारे दोन-तीन नमुना नकाशे ठेवता आले, तर पुढील बांधकाम सुधारण्यास मोठी मदत होईल. आपल्या खोलीत काय उणे आहे, ते कामगार नेमके सांगू शकतो. ते कागदावर उतरविण्याचे शिक्षण विद्यार्थ्याजवळ आहे. आणि ते घडवून आणण्याचा अधिकार गावाजवळ आहे.

येत्या मे महिन्यात एखाद्या दुपारी चाकणजवळच्या कोणत्याही रांगेपुढे उभे राहून पाहावे. काही दारे अर्धवट लोटलेली असतील, उंबऱ्याशी कारखान्याचे बूट काढून ठेवलेले असतील आणि आत कोणीतरी झोपण्याचा प्रयत्न करीत असेल. तो उठण्याची वाट पाहात जो विद्यार्थी बाहेरच्या सावलीत वही उघडून बसेल, त्याच्या अंतिम वर्षाचा आरंभ तेथेच झाला असे समजावे.